चार तासांचा 'जस्टिस लीग' आणि कापणाऱ्यांचा हिशोब

गोदाकाठ

आपल्या नाशिकच्या सिनेमावेड्यांच्या ग्रुपवर परवा एकाने लिहिलं: 'स्नायडरचा चार तासांचा जस्टिस लीग म्हणजे दोन तासांचाच जुना सिनेमा, फक्त स्लो मोशनमध्ये. चाहत्यांनी बोंब मारून मिळवला, आता चांगला म्हणणं भाग आहे.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. वाचून डोकं फिरलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: 'जस्टिस लीग' म्हणजे सुपरहिरोंच्या टोळीचा सिनेमा, दिग्दर्शक झॅक स्नायडर. २०१७ ला दोन तासांचा थिएटरात लागला, २०२१ ला स्नायडरचा स्वतःचा चार तासांचा ओटीटीवर आला.)

हे लिहिणाऱ्याने दोन्ही सिनेमे पाहिले असतील असं मला वाटत नाही. २०१७ च्या सिनेमात व्हिक्टर स्टोन, म्हणजे सायबॉर्ग, कोपऱ्यात उभा राहून यंत्रांची माहिती पुरवतो. २०२१ च्या सिनेमात अख्खी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. फुटबॉलचा सामना चालू आहे, आई जिवाच्या आकांताने ओरडतेय आणि तिच्या शेजारची बापाची खुर्ची रिकामी. पुढे अपघात होतो, आई जाते. ज्या बापाला सामन्याला यायला फुरसत नव्हती तोच परग्रहावरची पेटी वापरून पोराला जगवतो, पण निम्म्याहून जास्त शरीर यंत्राचं करून. पोराला हा उपकार नकोच होता. आणि शेवटी हाच बाप प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घेऊन त्या पेटीवर लेसर सोडतो, पोराच्या डोळ्यांदेखत जळून जातो. का, तर शत्रूने पेटी कुठेही नेली तरी तिच्या उष्णतेवरून माग काढता यावा. दोन तासांच्या सिनेमात हा बाप मरतच नाही! मग पेटीत शिरलेल्या व्हिक्टरला आईबाप दिसतात, धडधाकट शरीर परत देऊ करतात आणि तो नाही म्हणतो, या प्रसंगाला तिथे जागाच उरली नाही.

मागची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०१७ मध्ये स्नायडरच्या मुलीने, ऑटमने, आत्महत्या केली, मे महिन्यात तो सिनेमातून बाजूला झाला. त्याच्या जागी आलेल्या जॉस व्हेडन या दिग्दर्शकाने बरंच काही नव्याने चित्रित केलं, स्टुडिओने दोन तासांची मर्यादा घातली, संगीतकारही बदलला. तरी दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव स्नायडरचंच राहिलं. माझा खरा राग याचा आहे. दुसऱ्याने कापलेल्या, दुसऱ्याने जोडलेल्या सिनेमाच्या शिव्या त्या माणसाने खायच्या, तेही पोरीच्या दुःखात असताना. आणि त्याने आपला सिनेमा दाखवला की म्हणायचं, फरकच नाही.

सिडकोवाला

बापाचा प्रसंग जोरदार आहे, ते नाकारत नाही. पण तुम्ही चांगलं तेवढंच वेचून सांगितलंत. ॲक्वामॅन समुद्रात शिरल्यावर किनाऱ्यावरच्या बायका गाणं म्हणतात, एक जण त्याचा स्वेटर हुंगते. हे कुठल्या गोष्टीला लागतं? विजेच्या वेगाने धावणारा फ्लॅश एका मुलीला अपघातातून वाचवतो तेव्हा हवेत तरंगणारे सॉसेज किती वेळ बघायचे? आणि सुपरमॅन मेल्यावर त्याची आई मार्था त्याच्या प्रेयसीला, लॉईसला, भेटायला येते तो प्रसंग घ्या. दोघींचं दुःख एकच, सिनेमातली सगळ्यात हळवी जागा. मार्था दाराबाहेर पडते आणि तिचा मार्शियन मॅनहंटर, म्हणजे रूप बदलणारा मंगळवासी, होतो! म्हणजे सुपरमॅनची आई आलीच नव्हती. तिथे ना व्हेडन होता ना स्टुडिओचा साहेब. स्नायडरने स्वतःच्या हाताने स्वतःच्या प्रसंगाची माती केली.

दुसरं म्हणजे बॅटमॅनचा शत्रू जोकर येतो तो शेवटचा भाग २०२० मध्ये नव्याने चित्रित केलाय. वर सुमारे ७ कोटी डॉलर खर्च, लांबीची अट नाही, खेळांचं वेळापत्रक नाही. एवढी मोकळीक मिळालेला सिनेमा घाईगर्दीत उरकलेल्या सिनेमाशेजारी ठेवून 'बघा, किती चांगला' म्हणणं मला पटत नाही. २४२ मिनिटांचा सिनेमा २०१७ मध्ये थिएटरात लागलाच नसता. दिग्दर्शकाला लांबी आवरता येत नसेल तर कोणीतरी कात्री उचलणारच.

मेनरोड

थिएटरात लागला नसता म्हणताय, तर मला बोलू द्या. आपल्याकडे थिएटरवाल्यांनी लांबी आवरायला कधी दिग्दर्शकाची वाट पाहिली? नाशिकमधल्या एका थिएटरात (नाव घेत नाही) आम्ही पहिल्या आठवड्यात पाहिलेलं गाणं तिसऱ्या आठवड्यात गायब. नायिका दार उघडते आणि थेट कोर्टात! माझी आजी खास त्या गाण्यासाठी आली होती, गुडघे दुखत असताना बाल्कनीचा जिना चढून. मध्यंतरात मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, 'प्रिंटच तशी आली आहे.' धादांत खोटं. डोअरकीपरनेच सांगितलं की वर केबिनमध्ये कापलं. तिकिटाचे पैसे मात्र पुरते घेतले. स्नायडरच्या बाजूने निदान जगभरचे चाहते उभे राहिले, आजीच्या गाण्याचं कोणाला पडलंय?

रिळवाला

वर केबिनमध्ये कापलं म्हणजे माझ्या वडिलांसारख्यांनी कापलं, म्हणून लिहितो. त्यांची हयात ऑपरेटर म्हणून गेली. बारा, तीन, सहा, नऊ असे चार खेळ. सिनेमा तीन तास वीस मिनिटांचा आला की नऊचा खेळ कधी सुटणार? मालक खालून निरोप पाठवायचा, 'दहा मिनिटं काढ.' ऑपरेटरने नाही म्हटलं तर उद्या दुसरा ऑपरेटर. त्यात कधी कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत. पहिलं रीळ इकडे संपलं की पोरगा ते डब्यात घालून सायकलवर तिकडे पळवणार. तो रेल्वे फाटकात अडकला की तिकडच्या पब्लिकच्या शिट्ट्या.

कापणं म्हणजे कात्री मारली आणि झालं, असं नसतं. दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर कापायचं, टोकाचा थर पात्याने खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरायचं. शिवाय फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, ती चित्राच्या वीस-एकवीस चौकटी पुढे छापलेली. त्यामुळे कुठेही कापलं की चित्र आधी उडी मारतं आणि मागचा आवाज जवळजवळ सेकंदभर नव्या चित्रावर सांडतो. वडील त्यासाठी शांत जागा शोधायचे, जिथे कोणी बोलत नाही, वाद्य वाजत नाही. काढलेला तुकडा नंबर टाकून डब्यात ठेवायचे आणि प्रिंट परत जाण्याआधी जोडायचे. चोर म्हणायचं तर ज्याने निरोप पाठवला त्याला म्हणा.

मेनरोड

तुमच्या वडिलांना चोर कोणी म्हटलं? शब्द माझ्या तोंडी घालू नका. आणि गाण्याच्या आधी शांत जागा शोधली म्हणून गाणं कापल्याचं पाप फिटत नाही. नंबर टाकलेला डबा आजीच्या काय कामाचा?

रिळवाला

पाप हा शब्द तुमचाच ना? उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या धुरात तासभर उभं राहून दाखवा, मग पापपुण्य बोलू. वडिलांना ते गाणं तुमच्या आजीपेक्षा कमी आवडत नव्हतं.

पंचवटीकर

दोघंही जरा दमानं घ्या. ताई म्हणून सांगते, धागा गाण्याचा नाही.

मी हा सिनेमा मुलाबरोबर घरी टीव्हीवर पाहिला, दोन संध्याकाळी मिळून. माझं भांडण चौकटीशी आहे. आयमॅक्सच्या उंच पडद्याचा विचार करून सगळा सिनेमा ४:३ मध्ये ठेवलाय. घरच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मध्ये अंधारात लढणारी माणसं. मुलगा तर तो मोबाईलवर बघणार होता. ज्या पडद्यासाठी आखलं तो समोर नाही आणि जो समोर आहे त्याचा विचार नाही.

पण सहा भागांत तोडल्यामुळे तो घरी बघता येतो, हेही खरं. आणि शेवटी 'ऑटमसाठी' ही अक्षरं आली तेव्हा मला काही वेळ बोलता आलं नाही. तरी सिडकोवाल्यांना विचारते आणि गोदाकाठलाही: त्या दुःखाचे गुण सिनेमाला द्यायचे का? स्नायडरचा सिनेमा दाखवा म्हणून मोहीम चालवणाऱ्या चाहत्यांनी आत्महत्या रोखणाऱ्या संस्थेसाठी देणग्या जमवल्या, चांगलंच केलं. त्याच मोहिमेतल्या काहींनी लोकांना घाणेरड्या शिव्याही दिल्या. यातलं काहीच पडद्यावर नाही.

गोदाकाठ

ताई, दुःखाचे गुण मी देत नाही. व्हिक्टरचे देतो.

रिळवाल्यांनी लिहिलंय ते मात्र मूळ मुद्द्याला धरूनच आहे. निरोप पाठवणारा खाली बसतो आणि नाव खराब होतं वरच्याचं. २०१७ मध्ये तेच झालं. आपल्याकडचं उदाहरण हवं तर 'शोले' घ्या. मुळात ठाकूर गब्बरला ठार मारतो. १९७५ ची आणीबाणी, सेन्सॉरने हरकत घेतली, मग पोलीस येतात असा शेवट जोडला. वर्षानुवर्षं आपण तोच रमेश सिप्पींचा शेवट समजून पाहिला. २०२५ मध्ये मूळ शेवटासह सिनेमा नीट करून इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला. तिथे कोणी 'फरक काय' विचारलं नाही.

सिडकोवाला

'शोले'चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो शेवट तेव्हाच चित्रित झालेला होता. स्नायडरने २०२० मध्ये जोकर बोलावला, तसा 'शोले'वाल्यांनी गब्बरचा नवा प्रसंग नाही घातला! जे काढलं होतं ते परत ठेवणं वेगळं आणि संधी मिळाली म्हणून मनातलं राहिलेलं सगळं कोंबणं वेगळं. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची चारपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं उरली आहेत असं सांगतात. उद्या कोणी मधली दोन नव्याने काढून जोडली, तर तुम्ही त्याला फाळक्यांचा सिनेमा म्हणाल का?

गोदाकाठ

नाही म्हणणार. पण फाळके स्वतः येऊन जोडणार असतील तर बाजूला होऊन बघेन. जोकरचा भाग मलाही आवडलेला नाही, तो जाऊ द्या. मार्थाचा प्रसंगही दारापाशीच थांबायला हवा होता. पण व्हिक्टरचा बाप, सामना आणि शेवटी सगळं संपल्यावर फ्लॅश काळ मागे फिरवत धावतो ते, हे नव्याने सुचलेलं नाही. कापलेलंच होतं ते. त्या धावण्याच्या जागी २०१७ ला काय होतं आठवतंय? फ्लॅश एका कुटुंबाची गाडी ढकलतो!

सिडकोवाला

गाडीचं आठवतंय, वाईटच होतं. स्वेटर काढा, सॉसेज काढा, जोकर आणि मार्शियन काढा, निम्मं स्लो मोशन काढा, तीन तासांचा झाला की सिनेमा. मी पहिल्यापासून एवढंच म्हणतोय.

गोदाकाठ

तीन तास मला चालेल. फक्त कापताना टेबलाशी स्नायडर बसलेला हवा.

मेनरोड

आणि तीन तास वीस मिनिटं झाली तर? नऊचा खेळ सुटणार कधी, हे रिळवाल्यांना विचारून घ्या.