मदत हवी आहे: मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), एनएलआर (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचं गुणोत्तर) ६. इम्युनोथेरपी द्यायची की नाही हे या आकड्यावरून ठरवतात का?

नमस्कार मंडळी,

आत्याच्या (वय ६३) टाचेला मेलॅनोमा निघालाय, अ‍ॅक्रल प्रकारचा. आपल्याकडे हा कॅन्सर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. पेट स्कॅनमध्ये फुप्फुसातही गाठी दिसल्या, म्हणजे चौथी स्टेज. पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) सुरू करायचं जवळपास ठरलं होतं.

तेवढ्यात चुलतभावाने सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट बघितला. न्यूट्रोफिल ६३००, लिम्फोसाइट १०५०. भागाकार केला तर एनएलआर ६. एलडीएचही (रक्तात मोजतात ते एक एन्झाइम) थोडं वर आहे. एनएलआर ५ च्या वर असलेले पेशंट फार जगत नाहीत असं त्याने नेटवर वाचलं आणि तेव्हापासून घरात 'मग एवढा खर्च कशाला' हेच चाललंय. आत्याच्याही कानावर गेलं. ती आता नीट जेवत नाही.

मी वाचलं त्यावरून, एलडीएच चौथ्या स्टेजच्या वर्गीकरणातच धरतात. एनएलआर त्यात नाही. मात्र इम्युनोथेरपी घेतलेल्यांच्या बऱ्याच अभ्यासांत, सुरुवातीला तो जास्त असलेले पेशंट सरासरीने कमी जगले, तर इओसिनोफिल (आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असलेले जास्त. पण ही सरासरी झाली. एनएलआर जास्त असूनही औषध लागू पडलेले लोक त्यात आहेतच. आजाराचा जोर किती हे कळणं वेगळं आणि औषधाचा फायदा होणार नाही हे कळणं वेगळं, असं मला ठामपणे वाटतं. डॉक्टर मंडळींनी हे तपासून सांगावं.

दुसरं म्हणजे, रक्त दिलं तेव्हा दम्यासाठी तिची प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) चालू होती. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. मग हा ६ कितपत धरायचा? गोळी बंद झाल्यावर किती दिवसांनी सीबीसी परत करावा? (गोळी आम्ही मनाने बंद करणार नाही, छातीच्या डॉक्टरांना विचारूनच.) आणि सॅम्पलमध्ये रक्तपेशी फुटल्या तरी एलडीएच वाढतं म्हणतात, तर तेही पुन्हा बघावं का?

दोन-तीन डोसनंतर एनएलआर खाली आलेला कोणी घरच्या पेशंटमध्ये पाहिलाय का? स्कॅनमध्येही तसाच फरक दिसला का?

पुढच्या आठवड्यात ऑन्कोलॉजिस्टकडे जायचंय. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता येईल असं चार ओळींत, सोप्या मराठीत कोणी जाणकाराने लिहून दिलं तर फार उपकार होतील. आत्याही तो ग्रुप वाचते, तेवढं लक्षात ठेवून लिहा.