मदत हवी: कॅलिब्रेशन शॉट लावल्यावर फोटो आणखी बिघडतोय

दगडीचौकट:
वाड्याच्या चौकाचे फोटो काढलेत. कडांना गुलाबी झाक येते, म्हणून लेन्ससमोर पांढरा कागद धरून शॉट घेतला. अशा शॉटवरून सॉफ्टवेअर बाकी फोटोंतली झाक काढतं. तो लावल्यावर झाक गेली, पण भिंतींवर आडवे पट्टे आले! शुक्रवारी फोटो द्यायचेत. एक्सपोजर किती ठेवू? कागद बदलू का?

सांजवात:
कॅमेरा? लेन्स? सॉफ्टवेअर?

दगडीचौकट:
सोनी ए७आर, ॲडॅप्टरवर फोग्टलँडर हेलियार १५ मिमी, दुसरी आवृत्ती. कॅप्चर वन.

रानवारा:
या लेन्सची रचना फिल्मच्या काळातली. कोपऱ्यात किरण सेन्सरवर फार तिरपे पडतात, त्याचा हा रंग. तिसरी आवृत्ती घ्या. मी तेच केलं.

सांजवात:
काढलेल्या फोटोंना नव्या लेन्सचा काय उपयोग? चौकट, कागदाचा शॉट कुठे आणि कोणत्या सेटिंगला घेतलात?

दगडीचौकट:
घरी एलईडी ट्यूबखाली. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ४.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००. हात हलू नये म्हणून शटर १/२५०. वाड्याचे सगळे एफ ८ ला आहेत.

सांजवात:
पट्टे ट्यूबचे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि १/२५० ला तो पकडला जातो. हात हलला तरी बिघडत नाही, कागदावर चित्रच नाही! दिवसाउजेडी सावलीत घ्या. कागदावर तिरपं ऊन नको. ॲपर्चर वाड्याच्या फोटोंसारखं एफ ८ च हवं, आयएसओ १००. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्याच्या जरा उजवीकडे, पण लाल, हिरवा, निळा यांतला एकही रंग उजव्या टोकाला कापला जाऊ देऊ नका.

निशाचर:
कागद कशाला? आम्ही ताऱ्यांच्या फोटोंसाठी असाच शॉट घेताना दुर्बिणीवर पांढरा टी-शर्ट ताणतो आणि संध्याकाळच्या आकाशाकडे रोखून २५-३० फ्रेम घेतो. उत्तम येतात.

सांजवात:
तुमच्या दुर्बिणीचं तोंड सहा-आठ इंचांचं, त्यात चुणी विरून जाते. १५ मिमीला एफ ८ म्हणजे जेमतेम दोन मिलीमीटरचं छिद्र. चुणी दिसणारच. पाट्या बनवणाऱ्याकडून ३ मिमी दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणा.

निशाचर:
नीट ताणला तर चुणी पडत नाही.

मधुमालती:
माझ्या मोबाइलच्या फोटोतही कडा काळ्या येतात. कोणतं ॲप घेऊ?

रानवारा:
चौकट, कडांचा उजेड मात्र पूर्ण भरून काढू नका. इतक्या रुंद लेन्सला कोपरे तीन स्टॉपपर्यंत (उजेड आठव्या हिश्श्यावर) काळे पडतात, तेवढं उचललं की लाकडी खांबांत नॉइज (दाणेदारपणा) दिसतो. कॅप्चर वनमधला युनिफॉर्म लाइटचा स्लायडर कमी ठेवा.

दगडीचौकट:
ॲक्रिलिक मिळालं, सकाळी गच्चीवर शॉट घेतला. पट्टे गेले! सगळ्यांचे मनापासून आभार. फक्त देवळीच्या फोटोत कोपऱ्यात अजून झाक आहे. तो जवळून काढला होता, फोकस एक मीटरवर.

सांजवात:
फोकस बदलला की झाकही बदलते. मग त्याच्यासाठी वेगळा शॉट घ्या, फोकस एक मीटरवरच ठेवून.