मडलर: कुटणे, घोटणे की चेपणे?

रामबाग, इंदूर
घरच्या बारसाठी मडलर घ्यायचाय. बर्तन बाजारात “ग्लासात पुदिना कुटायचा दांडा” असं सांगितलं, तर दुकानदाराने पितळी खलबत्त्यातला बत्ता काढून दिला. मागणी मीच तशी केली होती, त्याची चूक नाही. मराठीत या वस्तूला काय म्हणावं? आणि ती जे काम करते त्याला?

राजेंद्र नगर, इंदूर
काका, आधी क्रियापद ठरवा, खरेदी त्यावरच ठरेल. कुटणे म्हणजे वरून घाव घालणे, मिरी कुटतात. चेचणे त्याच्याच जवळचं: आलं-लसूण चेचतात, रस आणि चोथा एक होईस्तोवर. मोहितोच्या (रम, लिंबू आणि पुदिन्याचं कॉकटेल) पुदिन्याला यातलं काहीच चालत नाही. पुदिन्याचा वास पानाच्या पाठपोटावरच्या अगदी बारीक तैलग्रंथींत असतो आणि त्या हलक्या दाबानेही फुटतात. पान फाटलं की कडवट, गवताळ रस उतरतो, वर कपटे दातांत येतात ते वेगळंच.

माझ्या मते इथला नेमका शब्द ‘चेपणे’. पाय चेपतो तसं: भार द्यायचा, क्षणभर थांबायचं, उचलायचं. तीन-चारदा पुरे. पान अखंड राहिलं पाहिजे, फक्त काळपट ओलसर दिसायला लागलं पाहिजे. त्यासाठी सपाट किंवा किंचित गोलसर बुडाचा मडलर घ्या. खाली दाते असलेले मिळतात, ते पुदिन्यासाठी अजिबात नकोत.

सुदामा नगर, इंदूर
‘चेपणे’ पटलं, पण ते एकटं पुरणार नाही. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये साखरेचा चौकोनी तुकडा बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क) आणि चमचाभर पाण्यात विरघळवायचा असतो. तिथे घोटणेच हवं. भांग घोटतात, अक्षर घोटतात. गोल फिरवत राहणं आणि चिकाटी दोन्ही त्यात आलं. कायपिरिन्या या ब्राझीलच्या कॉकटेलमध्ये लिंबाच्या फोडी साखरेबरोबर रगडतात, म्हणजे रसाबरोबर सालीतलं तेलही उतरतं. फार जोर केला तर सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडतो. तेव्हा पाना-फळाप्रमाणे क्रियापद बदलू द्या. एकच शब्द सगळीकडे रेटला तर कृती वाचून करणाऱ्याचं पेय बिघडेल.

नावासाठी ‘घोटणी’ सुचवणार होतो, पण आपल्या डोळ्यांसमोर डाळीची घोटणी येते. तिचं डोकं फुलासारखं कापलेलं असतं आणि ग्लासात जातही नाही. जाता जाता एक गंमत: इंग्रजीत पूर्वी साखर फोडायच्या अशाच लाकडी काठीला टॉडी स्टिक म्हणत, आणि हा टॉडी म्हणजे आपली ताडी. शब्द इथून गेला, गरम व्हिस्कीच्या पेयाला चिकटला आणि तिकडच्या काठीच्या नावात जाऊन बसला. तरीही आज ‘मडलर’च म्हणावं असं मला वाटतं. नाम उसनं असलं तरी क्रियापदं आपली आहेत आणि ती जास्त नेमकी आहेत.

रामबाग, इंदूर
म्हणजे “पुदिना चेपा, साखर घोटा, लिंबू रगडा”. हे आवडलं. पण मग तो बत्ता वापरू की नको?

राजेंद्र नगर, इंदूर
नको. एक तर आखूड. उंच ग्लास साधारण 15 सेंटीमीटरचा असतो. मडलर 20 ते 25 सेंटीमीटरचा हवा, नाहीतर बोटांची पेरं काठावर आपटतात. दुसरं, बिनकल्हईच्या पितळेला लिंबू लागलं की कळकतं. आजी पितळेच्या भांड्यात ताक ठेवू द्यायची नाही, ते याचसाठी.

लाकडाचा घ्या, कोरा. चकचकीत वॉर्निश असलेला टाळा. लिंबू, दारू आणि घासणं यांनी त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते ग्लासातच पडतात. वापरल्यावर लगेच धुवून पुसा, पाण्यात भिजत टाकू नका. स्टीलला वास धरत नाही हे खरं, पण पातळ बुडाच्या ग्लासाला त्याची भीती असते, म्हणून ग्लास जाड बुडाचाच घ्या.

बाजारात मनासारखा मिळाला नाही तर लाटणी करणाऱ्या काताऱ्याकडून शिसवीचा करून घ्या. त्याला “चेपायला हवाय, कुटायला नको” एवढं सांगा आणि तुमचा ग्लास सोबत न्या, म्हणजे बूड त्याच्या मापाचं येईल.