घरातली वाळवी: ड्रिल, बेट (औषधवालं आमिष) की नुसता फवारा? अनुभव सांगा

बेडरूमच्या चौकटीला खालून मातीची रेघ चढलेली दिसली. वाटलं लेकीने चिखलाचा हात लावलाय, पुसायला गेले तर आतून पांढरे किडे वळवळत बाहेर. दोन दिवसांत तिघांना बोलावून दाखवलं. पहिला म्हणाला सगळ्या भिंतींच्या कडेने भोकं पाडून औषध सोडू. दुसरा म्हणाला बेट लावू, फोडाफोड नाही, पण काही महिने लागतील. तिसरा म्हणाला ताई एवढ्यासाठी कशाला, फवारा मारतो, अर्ध्या तासात विषय संपला. तिघंही छातीठोक. घरात सासूबाईंना दमा, लेक दीड वर्षाची आणि एक मांजर. तुमच्याकडे काय केलं, किती टिकलं, काय फसलं ते लिहा प्लीज. माहितीपत्रकातलं नको, ते तिघांनीही हातात दिलंय.

*

मी तुमच्या तिसऱ्याचं गिऱ्हाईक 😀 फवारा मारून घेतला, दुसऱ्या दिवशी रेघ गायब, आम्ही खुश, चौकटीला लांबी भरून रंगपण मारला. आठ महिन्यांनी शेजारच्या खोलीतलं कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यातल्या फायली वरून एकदम शाबूत आणि आत नुसती माती, घराची कागदपत्रं त्यातच होती, नकला काढायला किती खेटे घातले ते विचारू नका. नंतर ज्याने नीट काम केलं त्याने सांगितलं की जमिनीतल्या वाळवीचं सगळं बिऱ्हाड खाली असतं, वर दिसतात त्या नुसत्या कामकरी. त्यातून फवारा तिला हुसकावणाऱ्या जातीचा असेल तर ती मरतही नाही, वळसा घालून दुसरीकडून वर येते. आमच्याकडे तेच झालं.

*

ताई, ती मातीची रेघ म्हणजे वाळवीची ये-जा करायची नळी, ती सगळी पुसून टाकू नका! मधला इंचभर तुकडा मोडा आणि सोडून द्या. तीन-चार दिवसांत ओल्या मातीने बुजवलेली दिसली तर वाळवी चालू आहे. नाही बुजवली तरी लगेच खुश होऊ नका, वाट बदललेली असू शकते. औषध मारल्यावरपण हीच परीक्षा घ्यायची.

*

आम्ही ड्रिलिंग केलं, पाच वर्षं झाली, अजून तरी शांत आहे. जरा सविस्तर लिहितो कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. फरशी आणि भिंत जिथे मिळते तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडतात, त्यात औषध सोडतात, मग व्हाइट सिमेंटने बंद करतात. चौकटींच्या बुडाशीपण तिरकी भोकं. आमच्याकडे इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्केवालं वापरलं, लेबलवर लिटरभर पाण्याला २.१ मिली असं प्रमाण होतं. पहिल्या दिवशी माणूस घरूनच कॅन भरून घेऊन आला, मी म्हटलं बाबा हे परत ने, सीलबंद बाटली आण आणि माझ्यासमोर कालव. त्याला राग आला, आला तर आला. पाणी जास्त घातलं तर आपल्याला कसं कळणार?

या औषधाचा वाळवीला वास लागत नाही त्यामुळे ती बिनधास्त त्यातून जाते, मग एकमेकींना चाटणं-भरवणं चालतं त्यातून बाकीच्यांना लागतं. पण त्यामुळेच लगेच काही होत नाही. पहिले आठ-दहा दिवस हालचाल दिसतच होती, मी फोन करून भांडलो, उगाच. तिसऱ्या आठवड्यात थांबलं.

आता फसलेलं. बाथरूमच्या भिंतीत पाइप कुठून गेलाय ते कोणालाच माहीत नव्हतं. बरोबर त्याच्यातच ड्रिल घुसलं. रात्रभर बादल्या. दोन फरशा तडकल्या त्या वेगळ्याच. पाइप आणि वायरिंगचा नकाशा किंवा बांधकामाच्या वेळचे फोटो असतील तर आधी शोधा.

*

आमच्या अंगणात विहीर आहे आणि पाणी तिचंच पितो, त्यामुळे जमिनीत औषध सोडायला मीच नाही म्हटलं. बेट लावलं. घराभोवती साधारण तीन-तीन मीटरवर जमिनीत प्लास्टिकच्या नळकांड्या पुरल्या, आत सुरुवातीला नुसतं लाकूड. दोन महिने काहीच नाही. मग दोन नळकांड्यांत वाळवी आली तेव्हा तिथे औषधवालं खाद्य ठेवलं. त्या औषधाने वाळवी तिथल्या तिथे मरत नाही, कात टाकायच्या वेळी नवीन कातडी तयारच होत नाही आणि तेव्हा मरते, तोपर्यंत तेच खाद्य घरी नेऊन बाकीच्यांना भरवत असते. एकूण सात महिने लागले.

आमच्या ह्यांनी रोज संध्याकाळी झाकण उघडून बघायचा सपाटा लावला होता. एका नळकांड्यातली वाळवी उठून गेलीच त्यामुळे. ठरलेल्या दिवशीच उघडायचं. आणि बेटमध्ये सगळं त्या माणसाच्या फेऱ्यांवर आहे, आमचा मध्ये दोन महिने फिरकला नाही, खाद्य संपून नळकांडी रिकामी. करारात फेऱ्यांच्या तारखा लिहून घ्या.

*

बेट आमच्याकडे नाही चाललं. मागे झाडाखाली मोठं वारूळ, ती बुरशी पिकवून खाणारी वाळवी. खाद्याला तोंडच लावेना. पाच महिने वाट बघून शेवटी जमिनीतलं औषधच केलं.

*

सगळे जमिनीतल्या वाळवीबद्दल लिहितायत म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्या जुन्या पलंगाखाली रोज वाळूसारखे दाणे पडायचे. मातीची नळी कुठेच नाही. आलेला माणूस म्हणाला वाळवी आहे, पूर्ण घर ड्रिल करू. नशीब, आमच्या सुतारकाकांनी दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाले हिचा जमिनीशी संबंध नाही, ही कोरड्या लाकडातली वाळवी, लाकडातच राहते, तिथेच खाते. फरशीला भोकं पाडून तिला काय फरक पडणार? दाणे भिंगाखाली सहा बाजूंचे दिसतात, ती तिची विष्ठा. पिठासारखी भुकटी आणि बारीक गोल छिद्रं असतील तर ती वाळवी नाहीच, भुंगा आहे. त्याचा इलाज वेगळा.

आम्ही पलंग उष्णतेच्या खोलीत पाठवला. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ४९-५० अंश पोचून अर्धा तास तरी टिकायला लागतं, म्हणजे बाहेरची हवा त्याहून बरीच तापवावी लागते. वाळवी गेली, पण डोक्याकडच्या बाजूचा व्हीनियर फुगून उचलला गेला. गॅसचं फ्युमिगेशन (विषारी धुरी) पण विचारलं होतं. त्याने आतपर्यंतचं मरतं पण नंतर लाकडात काहीच उरत नाही, परत लागू शकते.

*

रॉकेल ओतून बघितलं. महिनाभर घराला वास आणि वाळवी फूटभर सरकली. बाकी छान.

*

@रॉकेलवाले 😂 आमच्याकडे जळकं ऑइल लावलेलं, तोच निकाल. बोरेटचं (बोरॅक्सच्या जातीच्या क्षाराचं) मिश्रण मात्र खरंच उपयोगी आहे, पण कोऱ्या लाकडावर. ते मुरायला पाहिजे आत. पॉलिश किंवा रंगावरून मारलं तर वरच राहतं. नवीन चौकट बसवणार असाल तर रंगाच्या आधी मारून घ्या.

*

आमचं नवीन बांधकाम, जोत्याच्या वेळीच मातीला औषध केलं होतं. मित्राने त्याच्या घराला खडीचा थर घातला, १.७ ते २.४ मिमीचे कण, वाळवीला उचलायला जड आणि मधल्या फटीतून तिचं डोकं जात नाही! मला तो प्रकार फार आवडला पण तोपर्यंत उशीर झालेला. तर सांगायचं असं की आम्ही नंतर हौसेने भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला, बाहेरची साधी माती आणून भिंतीला चढवली. तीन वर्षांनी वाळवी बरोबर त्या मातीतून, औषधाच्या थराच्या वरून घरात. वाफा उपटला.

*

दमा आणि मांजर वाचून लिहितोय. कोणतं औषध ते नावानिशी विचारा, "परदेशी आहे, वास नाही" एवढ्यावर गप्प बसू नका. क्लोरपायरिफॉस आमच्याकडे मारलं होतं, त्याच्या द्रावणाचा वास दहा-बारा दिवस गेला नाही, आईला फार त्रास झाला. बायफेंथ्रिन वगैरे मंडळी ओली असताना मांजराला वाईट आणि माशांना तर फारच. फिशटँक असेल तर झाकून हवेचा पंप बंद ठेवा. वडील अजून म्हणतात आमच्या वेळचं औषध काय टिकायचं! टिकायचं, कारण ते क्लोरडेन आणि आल्ड्रिन होतं, मातीतून हटायचं नाही आणि माणसाच्या चरबीतपण साठायचं, असली रसायनं जगभर बंद करायच्या २००१ च्या स्टॉकहोम करारात दोन्ही आली. लेक रांगती आहे तर भोकं बंद होऊन फरशी पुसून कोरडी होईपर्यंत तिला घरात आणूच नका.

*

सगळ्यांना खूप थँक्यू, रात्री जागून वाचलं. मंगळवारी नळी मधे मोडली, गुरुवारी सकाळी ओल्या मातीने बुजवलेली! म्हणजे बाई कामावर आहेत. मग चौकटीच्या पलीकडे काय आहे ते बघितलं तर बाथरूमची भिंत, आणि नळाच्या मागे कायम ओल. तिघांपैकी एकानेही ती भिंत बघायची तसदी घेतली नव्हती. उद्या आधी प्लंबर, तो पाइपपण दाखवेल कुठून गेलाय तो. मग त्या भिंतीच्या दोन्ही बाजू आणि तीन चौकटी ड्रिल, औषध समोर कालवून. पहिला दोन्हीला तयार झालाय, कुरकुरत. सासूबाई, लेक आणि मांजर आठवडाभर नणंदेकडे. मांजराचं नणंदेला अजून सांगितलेलं नाही.

आणि ते पलंगवाल्या ताईंचं वाचून माळ्यावरच्या लाकडी पेटीखाली बॅटरी मारली. दाणे आहेत. काळ्या कागदावर घेऊन ठेवलेत, शेजारच्या काकांकडे भिंग आहे, बाजू मोजल्या की लिहिते.