गोवा विधानसभेची पाच वर्षे कधीपासून मोजायची? आणि आमदार 40 च कसे?

डिचोलीचा वाचक:
नमस्कार मंडळी. वाचनालयात नवमतदारांसाठी माहितीफलक लावायचा आहे, दोन ठिकाणी गाडी अडली आहे. गेल्या विधानसभेचे मतदान 14 फेब्रुवारी 2022 ला झाले, निकाल 10 मार्चला लागला. मुदत यातल्या कुठल्या तारखेपासून धरायची? दुसरे असे की घटनेच्या कलम 170 मध्ये किमान 60 सदस्य सांगितले आहेत. आपले 40 च. हे कसे बसते?

पर्वरीचा जिना:
दोन्ही तारखा सोडा. कलम 172 प्रमाणे पाच वर्षे सुरू होतात ती सभागृहाच्या पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या तारखेपासून. ही बैठक मार्च 2022 मध्ये झाली, म्हणून मुदत मार्च 2027 पर्यंत. पाच वर्षे भरली की सभागृह आपोआप विसर्जित होते, वेगळा आदेश लागत नाही. आणीबाणी लागू असेल तर संसद कायदा करून मुदत वाढवू शकते, तीही एका वेळी जास्तीत जास्त एकच वर्ष.

फलकावर "दर पाच वर्षांनी निवडणूक" एवढेच लिहिलेत तर चुकेल. "जास्तीत जास्त पाच वर्षे" लिहा. 1999 च्या जूनमध्ये निवडून आलेली विधानसभा फेब्रुवारी 2002 मध्येच विसर्जित झाली आणि मे महिन्यात मतदान झाले. पुढची निवडणूक जून 2007 मध्ये, आणि त्यानंतरची? 3 मार्च 2012. तीन महिने अलीकडे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 15 मुदत संपण्याआधी सहा महिन्यांपर्यंत अधिसूचना काढू देते, म्हणून आयोगाला उत्तर प्रदेश, पंजाब वगैरे राज्यांबरोबर गोव्याचेही मतदान उरकता आले. मे-जूनमधून आपली निवडणूक फेब्रुवारी-मार्चकडे सरकली ती तेव्हापासून.

दोनापावलचा वारा:
40 चे उत्तर कलम 371-आय मध्ये आहे. 56 व्या घटनादुरुस्तीने गोवा 30 मे 1987 ला राज्य झाले, तेव्हाच गोव्यापुरती किमान संख्या 30 ठरवली. 40 हा आकडा त्याच वर्षीच्या पुनर्रचना कायद्यातला. त्याआधी संघप्रदेशाच्या विधानसभेत 30 निवडून आलेले सदस्य असत: गोव्याचे 28, दमणचा एक, दीवचा एक. 40 जागांवर पहिली निवडणूक 1989 ची.

फलकावर जागा असेल तर आणखी एक गोष्ट जरूर घाला, कारण ती कोणी समजावून सांगत नाही. घटनेतले किमान आकडे मोठ्या राज्यांना जाणवतही नाहीत, आपल्या 40 जणांच्या सभागृहात मात्र तेच निर्णायक ठरतात. मंत्री सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांहून जास्त नकोत, म्हणजे गोव्यात 6. पण त्याच कलमात "मुख्यमंत्र्यांसह 12 पेक्षा कमी नकोत" असेही आहे, म्हणून आपल्याकडे 12 पर्यंत मंत्री होतात. चाळिसातले बारा! गणपूर्तीचेही तसेच. एक दशांश म्हणजे 4, पण नियम "दहा किंवा एक दशांश, जे जास्त असेल ते" असा आहे, म्हणून 10 सदस्य हजर हवेत.

पक्षांतराच्या हिशोबात हे सगळ्यात जास्त बोचते. आमदारकी न गमावता दुसऱ्या पक्षात जायचे तर विलीनीकरण दाखवावे लागते, आणि त्याला विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य लागतात. 11 आमदारांचे दोन तृतीयांश 7.33, म्हणजे सात पुरत नाहीत, आठ हवेत. सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसच्या 11 पैकी आठच आमदार बाहेर पडले ते याच गणितामुळे. मोठ्या राज्यात याच कामाला पन्नास-साठ आमदार जमवावे लागतात. मतदाराच्या दृष्टीने मला हा फरक फार गंभीर वाटतो.

डिचोलीचा वाचक:
खूप आभार. एखादा आमदार मध्येच गेला किंवा राजीनामा दिला तर नवा पाच वर्षे राहतो का? आणि उमेदवार त्याच मतदारसंघातला हवा का?

पर्वरीचा जिना:
नाही, उरलेल्या मुदतीपुरताच. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक, मात्र उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर हे बंधन नाही. पणजीची जागा 17 मार्च 2019 ला रिकामी झाली, मतदान 19 मे रोजी झाले.

मामलेदार कचेरीसमोर:
उमेदवार 25 वर्षांचा आणि गोव्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार असला की पुरे. काणकोणचा मतदार मांद्र्यातून उभा राहू शकतो. पेडणे अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, तिथे तेवढी अट वेगळी. बाहेरच्या मतदारसंघातला असेल तर मतदार यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

सूचकांकडे, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्या मतदारांकडे, नीट बघा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, अपक्षाला दहा, आणि हे सगळे जिथून उभे राहायचे तिथल्याच यादीतले हवेत. दहातला एक जरी शेजारच्या मतदारसंघातला निघाला तर नऊच उरतात आणि छाननीत अर्ज बाद होतो. म्हणून अपक्षांनी दोन-तीन जादा अर्ज वेगवेगळ्या सूचकांसह भरावेत. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चारपर्यंत अर्ज चालतात, अनामत मात्र एकदाच: 10 हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 5 हजार. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका. लागू नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" असे स्वच्छ लिहा.