लहान खोलीसाठी छोटा सबवूफर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली 10 बाय 11 फुटांची खोली सिनेमासाठी केली आहे. 5.1 रिसिव्हर आणि पाच स्पीकर लागलेत, सबवूफर (फक्त खर्जाचा, म्हणजे बासचा स्पीकर; थोडक्यात सब) तेवढा राहिलाय. टीव्ही युनिटशेजारी जेमतेम 14 इंच जागा आहे, म्हणून 8 किंवा 10 इंची, बंद पेटीचा घ्यावा असं वाटतं. पोर्टवाला (पेटीला हवेसाठी भोक असलेला) जास्त खोल खर्जापर्यंत जातो हे मान्य, पण त्याची पेटी मोठी.

खरी अडचण वेगळीच आहे. मित्राचा सब दोन दिवस लावून पाहिला. कोपऱ्यात ठेवला की सोफ्यावर नुसता घुमतो. 10 फुटांवर समोरासमोर भिंती म्हटल्यावर साधारण 56 हर्ट्झला आवाज फुगणारच. मग सब सोफ्यावर ठेवून मी खोलीभर रांगत ऐकलं (जिथे आवाज स्वच्छ येतो, तिथे सब ठेवायचा), तेव्हा दाराजवळची जागा सर्वांत स्वच्छ वाटली. तिथवर वायर नेणं अवघड आहे. वायरलेस किट कुणी वापरलंय का? आवाज चित्राच्या मागे पडतो का?

खालच्या मजल्यावर वयस्कर काका-काकू राहतात, त्यांची झोप मोडायला नको. सबखाली रबर पॅड घातल्याने स्लॅबमधून जाणारा हादरा खरंच कमी होतो का?

बजेट 30 हजार. चांगला वापरलेला असेल तरी चालेल.