अनुभव धागा: तंगीत शेजाऱ्यानं काय दिलं, आणि ते फेडलं कसं?

कापसाच्या भावावर बोलता बोलता परवा गाडी उसनवारीवर घसरली आणि तोच भाग जास्त रंगला. म्हणून हा वेगळा धागा. पीकविमा, कर्जमाफी, बँका यांवर लिहून लिहून आपली बोटं झिजलीत. इथे विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं लिहा. 'माणुसकी अजून जिवंत आहे' छापाचं नको, भाऊ. काय दिलं, मागून की न मागता, आणि परतफेड कशी झाली, एवढं सांगा. नावं टाळा.

माझं गाव राळेगावकडचं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी आली तेव्हा सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन पहिला वेचा घरात पडला होता. खेडा खरेदीवाला म्हणे, जुन्या नोटा घ्याल तर भाव वाढवून देतो, चेक पाहिजे तर कमी भाव, वरून थांबा. आमचं खातं जिल्हा बँकेत, आणि १४ नोव्हेंबरला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायचीच मनाई झाली. वेचणाऱ्या बायांना मजुरी द्यायला घरात चालणारा पैसा नाही. मग काहींनी मजुरीचा कापूसच नेला. आमच्याकडे किराणावाला कापूस मोजून घेऊन तेल-चहापत्ती देतोच, त्यामुळे त्यांचं भागलं. शेजारच्या मोठ्या आईनं मात्र कापूसही नेला नाही. "राहू दे तुमच्याकडंच. संक्रांतीले एकदम हिशेब करू," म्हणाली. म्हणजे मजुरानं मालकाला उधारी दिली! संक्रांतीपर्यंत भाव चढला. ठरल्या मजुरीवर तिला किती जास्त द्यायचे, यावरून आई-बाबांचं भांडण झालं. आई जिंकली.

खारपाणी (दर्यापूर)
२०२० च्या जूनमध्ये आमच्या भागात पेरलेलं सोयाबीन बऱ्याच जणांचं उगवलंच नाही. पिशवीतलं महागाचं बी मातीत सडलं, दुबार पेरणीला दुकानदार उधार द्यायला तयार नाही. धुऱ्यापलीकडच्या काकाजींकडे घरचं बी होतं. ते द्यायच्या आधी त्यांनी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडलं. मोड आलेले दाणे मोजले, सत्तरच्या वर निघाले, तेव्हाच पोत्याला हात लावू दिला. सोंगणी झाल्यावर मी बियाण्याच्या भावानं पैसे नेले तर भडकले. "बियान्याचा भाव कंपनीनं लावावा, म्या काऊन लावू? पोत्याले पोतं आन." तसंच केलं. आता मीही घरचं बी राखतो.

लेक (यवतमाळ जिल्हा)
बाबांनी जीव दिला तेव्हा मी सातवीत होते. सरकारी मदत एक लाखाची असते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. आमचं प्रकरण अपात्र ठरलं, कारण सातबारा आजोबांच्या नावावर. तेरवी झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारचे भाऊजी डवरा (बैलांनी ओढायचा कोळपा) घेऊन आमच्या वावरात उभे. निंदायला बाया सावडीनं आल्या, म्हणजे आज त्या आमच्या वावरात, उद्या आई त्यांच्या, मजुरी नाही. आई प्रत्येकीची सावड फेडायची, स्वतःला ताप असला तरी. लहानपणी मला त्या बायांचा राग यायचा, हिला एक दिवस सोडून का देत नाहीत म्हणून. आता कळतं. कोणी भाजी-भाकरीचा डबा आणला की आई कोमेजून जायची, पण सावडीच्या दिवशी विळा घेऊन निघाली की ताठ चालायची. त्या बायांना हे बरोबर उमगलं होतं.

गावकुसाबाहेरचा
वाचतोय. चांगलं आहे, पण एक बाजू कोणी लिहीत नाही. आमच्या वस्तीला सावडीत कोणी धरत नसे. मजुरीनं बोलवायचे, आणि पावसाळ्यात ज्वारी द्यायचे ती दीडपटीनं. पोतं नेलं की दीड पोतं परत. ज्यानं दिलं तो अजून सांगतो, 'आम्ही तुम्हाले जगवलं.' आमच्यात खरा फरक पडला तो बायांच्या बचत गटानं. तिथेही व्याज आहे, पण ते गटातच राहतं.

धागाकर्ता
पटलं. आमच्या गावातही सावडीच्या जोड्या जात पाहूनच जमायच्या. मोठ्या आईला आम्ही कधी सावडीत घेतलं नव्हतं, मजुरीनंच बोलवत होतो. वर ते लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही.

मोहफूल (सिंदेवाहीकडून)
आमच्याकडचे लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि कितीतरी जण पायी निघाले. गावात आले तर शाळेत १४ दिवस. सुरुवातीला लोकांनी रस्त्यावर काटे टाकले होते, हेही लिहायला पाहिजे. पण तो नेमका मोहफुलांचा हंगाम. आमच्यात कोणतं झाड कोणाचं हे ठरलेलं असतं, आणि फुलं पहाटे नाही वेचली तर गुरं, रानडुकरं खातात. शाळेत अडकलेल्या एका घराची झाडं आमच्या झाडांशेजारीच. माझी आई आपली टोपली भरली की त्यांच्या झाडाखाली बसायची. फुलं वेगळ्या चटईवर वाळवली, वेगळ्या पोत्यात भरली. ते सुटून आले तेव्हा पोतं दारात नेऊन ठेवलं. त्यांनी अर्धं परत आणलं, वेचणाऱ्याचा वाटा म्हणून. आईनं घेतलं. नाही कशाला म्हणायचं? मेहनत होती.

रामटेकवासी
आमच्याकडे एकच: शेजाऱ्यानं मोटरचं पाणी दिलं, बिल अर्धं अर्धं. रात्रपाळीची लाइन असली की झोपमोड मात्र पूर्ण माझी.

धानवाला (पवनी)
२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आला, रोवलेल्या बांध्या पाण्याखाली गेल्या आणि घरची तणसही (धानाचा पेंढा) सडली. माणसांना राशन मिळालं, पण गुरांना काय घालायचं? वरच्या अंगाच्या गावातून, ओळख फक्त बाजारातली, एकानं ट्रॉलीभर तणस पाठवली, ट्रॅक्टरचं भाडंही स्वतःच भरून. पैसे घेत नाही, धान घेत नाही, उलट चिडतो. यंदा त्याच्या पोरीचं लग्न आहे. तांदळाची पोती मी परस्पर आचाऱ्याकडे पोचती करणार आहे. आचारी आमच्याच गावचा, त्याला सांगून ठेवलंय.